डोहाचं पाणी पास

२ एप्रिल

परवानगी मिळाली एकदाची. चार हेलपाटे झाले, दोनदा 'साहेब मीटिंगमध्ये' ऐकलं, आणि आज सही करता करता जलसंधारण कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं, "म्हणजे मॅडम, तुम्ही कासव पकडणार नाही, बघणार नाही, नुसतं बाटलीभर पाणी नेणार आणि त्यावरून सांगणार की डोहात कासव आहे?" मी म्हटलं, हो. साहेब हसले. हसू देत. कॉलेजात वीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवतेय, हसणाऱ्यांची सवय आहे.

पाथरवाडी पिंपळगाव बसवंतच्या पुढे, हायवे सोडून आत. तिथली नदी उन्हाळ्यात कोरडी पडते, फक्त आसरांच्या डोहात पाणी राहतं. आता तिचं 'खोलीकरण' ठरलंय. मे महिन्यात पोकलेन येणार, डोहाचा गाळ उपसणार, काठाला दगड बसवणार. आणि त्या गाळातच मऊ पाठीचं कासव राहतं. ही कासवं आता गोदावरीच्या खोऱ्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही दिसत नाहीत. उन्हाळाभर गाळात रुतून बसतात, फक्त नाक वर काढतात. पोकलेनने गाळ काढला की कासवही ट्रॉलीत जाणार.

पुरावा म्हणाल तर एकच. डोहाच्या वर झेंडू लावणाऱ्या कुसाबाई. त्या म्हणतात, "पाठ भाकरीवानी चिपट, आन् नाक डुकराचं. मी तुकडा टाकते, त्यो वर येतो." कुसाबाईंचा तुकडा खोलीकरणाच्या समितीला चालत नाही. पण जो प्राणी पाण्यात राहतो, त्याच्या अंगाचे कण, लाळ, विष्ठा पाण्यात सुटते, आणि त्यातला डीएनए प्रयोगशाळेत वाचता येतो. २ मेला समितीची बैठक आहे. तोवर मला कासव कागदावर दाखवायचंय.

४ एप्रिल

ग्रामपंचायतीला फोन करून रीतसर कळवलं की उद्या सकाळी पाणी घ्यायला येते, कुठल्या तीन जागी घेणार तेही सांगितलं. शेखर म्हणाला, "मॅडम, कशाला कळवता? जाऊ, पाणी घेऊ, येऊ." शेखर आमच्या विभागाचा प्रयोगशाळा सहायक. हुशार आहे, पण प्रत्येक गोष्टीला आडवाट शोधतो. त्याला म्हटलं, आपण चोर नाही. ज्यांच्या गावचं पाणी, त्यांना आदल्या दिवशी कळवायचं. नियम म्हणजे नियम.

दिवसभर सगळं सामान ब्लीचमध्ये बुडवून धुतलं. ब्लीच डीएनए तोडून टाकतं, म्हणून सामानावर आधीचं काही चिकटलेलं असेल तर तेही जातं. हातांना इतका वास आहे की जेवताना पोळीही धुतलेली वाटली.

५ एप्रिल

द्वारका चौकात तासभर अडकलो. पुढे हायवेवर कांद्याचे टेम्पो. पोचलो तर गावचे पाणीवाले धोंडीरामनाना डोहावर हजर, इस्त्रीचा सदरा घालून. हे पंचायतीत पाणी सोडायचं काम करतात, कुसाबाईंचे धाकटे दीर. मला खुर्ची आणली. डोहाच्या काठावर, चिखलात, प्लॅस्टिकची खुर्ची! "म्याडम, बसा. काय काळजी करू नका. आपलं पानी पास व्हनार म्हंजी व्हनार."

मी म्हटलं, नाना, पास-नापास नसतं यात. ते हसून म्हणाले, "असं कसं? दोन सालाखाली तपासनीत पानी खराब निघालं म्हनून लाल कार्ड आलं व्हतं गावाला. लय बेइज्जती झाली. तवापासून मी डोळ्यात तेल घालून बघतो."

तीन जागी पाणी घेतलं: आसरांच्या शेंदूर लावलेल्या दगडांपाशी, म्हशींच्या उतारावर, आणि करंजाखाली. सिरिंजने पाणी दाबून रुपयाएवढ्या गाळणीतून पार केलं. कण गाळणीवर राहतात, तीच प्रयोगशाळेत जाते. प्रत्येक जागी नाना पुढे जाऊन दगड पुसून देत होते. दगडावर पांढरी साय धरली होती, उन्हाळ्यात क्षार येतात तशी. दोन-चार बोटभर मासे काठाला मरून पडले होते. पाणी तापलं की होतं असं.

म्हशी उतारापर्यंत आल्या, पाणी हुंगलं आणि माघारी फिरल्या. कुसाबाई त्यांना ओरडत होत्या, "काय झालं गं तुम्हाला, रोज तर हाणून काढावं लागतं!" शेखर म्हणाला, पाहुणे बघून लाजल्या. सगळे हसलो.

घरी येऊन पाहिलं तर निळ्या सलवारीच्या काठावर फिकट डाग. ब्लीच सांडलेलं दिसतंय. चांगली होती सलवार. गाळण्या घेऊन शेखर रात्रीच्या गाडीने पुण्याला गेला. तिथल्या प्रयोगशाळेत हर्षाली आहे, माझी जुनी विद्यार्थिनी.

१७ एप्रिल

हर्षालीचा फोन. काहीच नाही.

मी म्हटलं, कासव नाही? ती म्हणाली, "मॅडम, कासव सोडा. मासा नाही, बेडूक नाही, म्हैस नाही, माणूस नाही. तुम्ही तुलनेसाठी स्वच्छ पाण्याची गाळणी पाठवली होती ना, तिच्यात आणि डोहाच्या पाण्यात फरकच नाही. आमच्या बाजूने सगळं दोनदा तपासलं."

म्हैस नाही! ज्या डोहात अख्ख्या गावच्या म्हशी दिवसभर डुंबतात, त्यात म्हैस नाही. मी फोन ठेवला आणि कपाट आवरायला घेतलं. डोकं फिरलं की मी आवरते.

१८ एप्रिल

सरळ विचार केला तर दोनच गोष्टी होऊ शकतात. मी सामान नीट खळबळलं नाही आणि ब्लीच आत राहिलं. किंवा हर्षालीकडे पोचलं ते डोहाचं पाणी नव्हतंच.

पहिलं शक्य नाही. मी प्रत्येक वस्तू तीन पाण्यांतून काढते.

आज कॉलेजच्या कँटीनमध्ये कुणीतरी सहज बोलून गेलं की पाथरवाडीचं खोदकाम शेखरच्या मेहुण्याला मिळालंय. पोकलेन त्याचंच. शेखरने मला हे सांगितलं नाही. गाळण्या घेऊन रात्रभर गाडीत तोच एकटा होता.

नको तो विचार. पण आला, आणि आता जात नाही.

२१ एप्रिल

आदल्या दिवशी कळवून पुन्हा गेले. या वेळी सामान मीच भरलं, मीच बंद केलं, शेखरला फक्त गाडी चालवायला नेलं. नाना आजही इस्त्रीच्या सदऱ्यात. पाण्याच्या तिन्ही जागा झाडून ठेवल्या होत्या. इतका आपलेपणा कुठे मिळतो? चहाही त्यांनीच आणला.

कुसाबाई म्हणाल्या, "बाई, पंधरा दिस झाले, तुकडा टाकते तर नाक वर येत नाय. तुमची मशीन यायच्या आधीच गेलं का काय?" मी म्हटलं, मशीन माझी नाही. म्हणायला नको होतं इतकं तोडून.

परत येताना पिंपळगावच्या अलीकडे मी शेखरला विचारलं, पोकलेन तुझ्या मेहुण्याचं आहे हे मला का सांगितलं नाहीस? तो म्हणाला, "सांगून काय झालं असतं, मॅडम? काम तर त्याला मिळालंच होतं." मग मी ते विचारलं. पुण्याला जाताना गाळण्या बदलल्यास का?

त्याने गाडी बाजूला घेतली, किल्ली माझ्या हातात दिली, आणि कांद्याच्या टेम्पोला हात करून निघून गेला. मी पाठीमागून हाकही मारली नाही. गाळण्या मीच पुण्याला पोचवल्या, एका क्षणासाठीही पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही.

२९ एप्रिल

पुन्हा काहीच नाही.

या वेळी पेटी माझ्या मांडीवर होती. म्हणजे शेखर नव्हता. शेखर नव्हता, आणि मी त्याला भर रस्त्यात चोर ठरवलं. कॉलेजात तो समोरून येतो तेव्हा मी नोटीस बोर्ड वाचते.

संध्याकाळी साहेबांचा फोन. "मॅडम, दोन तारखेच्या आधी तुमचा निष्कर्ष पाठवा. आहे तर आहे लिहा, नाही तर नाही लिहा." मी खूप वेळ लॅपटॉपसमोर बसले. मग लिहिलं, 'दोन्ही फेऱ्यांतील नमुन्यांत मऊ पाठीच्या कासवाचा अंश आढळला नाही.' प्रत्येक शब्द खरा आहे. त्याखाली लिहायला हवं होतं की म्हैसही आढळली नाही, म्हणून हे नमुने कशाचाच पुरावा नाहीत. लिहिलं नाही, कारण लोक विचारतील की मग चूक कुणाची. पाठवून टाकलं.

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'धन्यवाद. काम नियोजनाप्रमाणे सुरू होईल.' साहेब इतके तत्पर असतात हे माहीत नव्हतं.

३० एप्रिल

आज जे झालं ते सविस्तर लिहिते, नाहीतर उद्या मीच विश्वास ठेवणार नाही.

कुसाबाईंना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी स्वतः सांगावं म्हणून पाथरवाडीला गेले. पाणी घ्यायचं नव्हतं, म्हणून कळवलंही नाही. डोहात म्हशी मानेपर्यंत बसल्या होत्या. कुसाबाई झेंडू तोडत होत्या. त्यांना काठावर बसवून सांगितलं, दोनदा पाणी तपासलं, काहीच सापडलं नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला.

मला बघून धोंडीरामनाना सायकल टाकून पळत आले. "काय झालं म्याडम?"

मी म्हटलं, "काहीच सापडलं नाही, नाना. पाण्यात काही म्हणजे काही नाही."

नानांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं ऐकू आलं नसावं. दोन्ही हात जोडून त्यांनी आसरांच्या दगडांना नमस्कार केला. "पास झालं! वैनी, रडतीस काय, पास झालं पानी! आता कशाला खोदत्यात डोह? इतकं चांगलं पानी कुनी उपसतं का?" मग मला म्हणाले, "पर आज न सांगता आल्या तुम्ही. कळवलं असतं तर पानी तयार करून ठिवलं असतं."

"तयार म्हणजे?"

"तुम्ही घेता ना त्या तिन्ही जाग्यांवर. दिस उगवायच्या आत टीसीएल मारून ठिवतो. चांगली डब्बाभर. तपासनीवाले येनार म्हनलं की आपलं ठरल्यालंच हाय. तवापासून एकदा बी लाल कार्ड नाय."

टीसीएल म्हणजे विहिरीत टाकतात ती जंतुनाशक पावडर. ब्लीचची सख्खी बहीण.

दगडावरची पांढरी साय. मेलेले मासे. माघारी फिरलेल्या म्हशी. सलवारीवरचे डाग. त्या डोहाला माझ्या बाथरूमसारखा वास येत होता आणि मी दोन्ही वेळा स्वतःचे हात हुंगून गप्प बसले. वर दोन्ही वेळा आदल्या दिवशी मीच फोन करून सांगितलं होतं, उद्या येते.

मी नानांना समजावलं. त्या पाण्यात कासवाची खूण शोधायची होती, आणि पावडरीने सगळ्यांच्याच खुणा पुसल्या. आधी ते हसत होते. मग हळूहळू हसायचे थांबले. कुसाबाईंनी कपाळावर हात मारला, "अरे भाऊजी, काय केलंस रं!" नाना त्या खुर्चीच्या जागी चिखलातच खाली बसले. "मी तर डोह वाचावा म्हनून..." एवढंच दोन-तीनदा म्हणाले.

मला ओरडायचं होतं. पण कुणावर ओरडणार? परतताना गाडीत एकटीच रडले.

१ मे

शेखरच्या घरी गेले. दारातच म्हटलं, माझं चुकलं, तुझ्यावर आळ घेतला, माफ कर. त्याची बायको चहा टाकायला आत गेली. तो पायरीवर उभा राहून सगळं ऐकत होता, टीसीएलचं आलं तेव्हा त्याचे ओठ हलले. हसू दाबत होता. "म्हणजे मॅडम, आपण न कळवता गेलो असतो तर..." मी म्हटलं, बोल, आज तुझा दिवस आहे.

मेहुण्याचं विचारलं. पोकलेन दहा तारखेनंतर कधीही काठावर लागेल म्हणाला. "त्याला मी थांबवू शकत नाही, मॅडम. पोट आहे त्याचं. पण नवे नमुने पुण्याला न्यायला मी आहे."

२ मे

समिती. मी उभी राहून सांगितलं की माझा अहवाल मागे घेते, नमुन्यांच्या पाण्यात जंतुनाशक होतं, खबरदारी घेतली नाही ही चूक माझी. नानांचं नाव घेतलं नाही.

साहेब म्हणाले, "म्हणजे कासव निघेपर्यंत तुम्ही नमुने घेत राहणार?" सगळे हसले. मी म्हटलं, "म्हैस निघेपर्यंत, साहेब. ज्या नमुन्यात म्हैसही सापडत नाही, त्यावरून कासव नाही म्हणता येत नाही." हसणं थांबलं. वन विभागातल्या एका बाईंनी मुदत सुचवली. १२ मेच्या सकाळपर्यंत. त्यानंतर मशीन उतरणार.

५ मे

न कळवता गेलो. आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला आणि शेखर गाडीत शीळ घालत होता. डोहावर नाना होतेच! दिवसरात्र तिथेच असतात म्हणे. काठी घेऊन बसतात, कुणाला साबण लावून कपडे धुऊ देत नाहीत. आमच्या पाण्याला त्यांनी हात लावला नाही. दहा पावलं लांब उभे राहिले, हात मागे बांधून.

कुसाबाई म्हणाल्या, "दोन घास खात नाय त्यो. म्हनतो, मीच मारलं."

शेखर दुपारच्याच गाडीने गेला. डोहापलीकडे रस्त्याला पोकलेन येऊन उभं राहिलंय. दहा तारखेची वाट कुणी बघितली नाही.

११ मे

सकाळपासून चार वेळा फोन हातात घेऊन ठेवला. हर्षालीला त्रास द्यायचा नाही म्हणून.

संध्याकाळी तिचाच आला. "मॅडम, घ्या. म्हैस, तिन्ही जागी. माणूस, कुत्रा, शेळी. सहा जातींचे मासे. बेडूक. खंड्या. पाणकोंबडी." ती वाचत होती आणि मी एकेका नावाला मान हलवत होते, जणू सगळे घरी परत आलेत. मग ती थांबली. "आणि करंजाखालच्या गाळणीत तुमचं कासव. शंका नाही. चांगलं भरपूर आहे."

मी ओरडले. शेजारच्यांनी बेल वाजवली.

१२ मे

अहवाल रात्रीच पाठवला, सकाळी स्वतः नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी दोनदा वाचला. पावसाळ्यानंतर पूर्ण पाहणी होईपर्यंत डोहाचं काम स्थगित. शेखरच्या मेहुण्याला खालच्या अंगाला दुसरं काम देणार आहेत. दुपारी पोकलेन हललं.

पाथरवाडीला पेढे घेऊन गेले. कुसाबाईंनी आधी आसरांपुढे ठेवले, मग आम्हाला दिले. नानांनी घेतला नाही. सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्याडम, त्ये जितं हाय का मेलं, हे कळतं का यात?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

कळत नाही. डीएनए जिवंताचाही सुटतो आणि मेलेल्याचाही. कुजायला लागलेल्या प्राण्याचा तर जास्तच सुटतो. हर्षाली म्हणाली होती, 'चांगलं भरपूर आहे.' काल त्या भरपूरवर मी नाचले होते. डबाभर पावडरीने एवढं मोठं कासव सहसा मरत नाही, हे मी नानांना सांगितलं, आणि ते खरं आहे. पण त्यांनी विचारलं होतं ते वेगळं होतं. मी म्हटलं, नाही नाना, कळत नाही.

त्यांनी मान हलवली. पेढा कागदात परत ठेवला.

१५ मे

कुसाबाईंना फोन केला. रोज तुकडा टाकतात. मासे खातात.

१८ मे

सकाळी नानांचा फोन. आवाज इतका मोठा की फोन कानापासून लांब धरावा लागला. "म्याडम, दिसलं! करंजाखाली. नाक वर काढलं, तुकडा घेतला आन् गेलं खाली. देवाशप्पथ!"

मी विचारलं, फोटो? "फोन काढेस्तवर गेलं ना वो." कुसाबाईंनी पाहिलं? "वैनी मळ्यात व्हती." मग म्हणाले, "आता तुम्ही काळजी करू नका म्याडम. झ्याक हाय त्ये. तुम्ही जेवा नीट."

मी नीट जेवत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं? शेखरचं काम असणार.

फोन ठेवल्यापासून ते शब्द डोक्यात घोळतायत. नाना खोटं बोलणारा माणूस नाही. पण समोरच्याचा जीव भांड्यात पडावा म्हणून आदल्या रात्रीच सगळी तयारी करून ठेवणारा माणूस आहे. लाल कार्ड येऊ नये म्हणून गावासाठी करतो, तसं माझ्यासाठीही करेल. आणि मी स्वतः काय वेगळी आहे? मला ते दिसलेलंच हवं आहे. इतकं हवं आहे की आज मला पाण्याचा वास आला तरी मी पुन्हा माझेच हात हुंगेन.

नाना म्हणाले, "या की बघायला, कवा येता? आदल्या दिशी फोन करा."

म्हटलं, करते.

शेखरला सांगितलंय, उद्या पहाटे गाडी काढ. न कळवता.